गीत-संगीत : पारंपरिक

भिकाजी बुवांना किळस यायला फार मोठे कारण लागत नसे. चहावर धरलेली साय, पेटीच्या पट्ट्यांवर राहिलेला दुसऱ्याच्या बोटांचा तेलकटपणा, भजन चालू असताना मागे बसून शेंगा सोलणारा माणूस, टाळ अर्धी मात्रा उशिरा आपटणारा हात, गाणाऱ्याच्या अंगावर नोटा भिरकावणारा यजमान, यांपैकी काहीही पुरत असे. मग ते डावी नाकपुडी किंचित वर उचलत, मान भिंतीकडे वळवत आणि अगदी हळू म्हणत, "शिसारी येता माका." हे वाक्य ते कधी रागाने म्हणाल्याचे मला आठवत नाही. ताप आल्याची नोंद करावी, तशी ती एक नोंद असे.

परळच्या आमच्या चाळीत आमची आणि त्यांची खोली शेजारी होती. मध्ये लाकडी फळ्यांची भिंत. माझे वडील आणि बुवा एकाच गिरणीत होते. वडील सूतखात्यात, बुवा घडी खात्यात. विणून, धुऊन, इस्त्री होऊन आलेल्या कापडाची घडी घालायची आणि ताग्याच्या शेवटच्या टोकावर गिरणीचा शिक्का मारायचा, हे त्यांचे काम. भजन ही त्यांची खरी ओळख होती, पण शिक्क्याबद्दलही ते तितकेच काटेकोर होते. एकदा माझ्या आईने फुटपाथवरून स्वस्तात चादरीचे कापड आणले आणि कौतुकाने त्यांना दाखवले. बुवांनी ते पोताने ओळखले, आमच्याच गिरणीचे म्हणाले, आणि दोन्ही टोके चाचपून पाहून ते आईच्या हातात परत दिले. "वयनी, ह्याचो शेवट कापलेलो आसा. म्हणजे चोरीचा." आई त्या चादरीवर पुढे वर्षभर झोपली, पण त्यांच्यासमोर ती कधी वाळत घातली नाही.

मी पुढे कायदा शिकले. कोर्टात उभे राहण्याइतका आवाज माझ्यात नव्हता, म्हणून फोर्टमधल्या एका सॉलिसिटरांच्या कचेरीत मराठी कागदपत्रांची इंग्रजी भाषांतरे करण्याच्या नोकरीत मी माझी उमर घालवली. स्वतःच्या मनाने चार पाने लिहायला बसण्याची ही पहिलीच वेळ आहे. ती या माणसासाठी यावी यात मला आनंदापेक्षा ओशाळलेपणाच जास्त वाटतो. त्याचे कारण पुढे येईलच.

बुवांचे गाणे कागदावर राहत नसे. वाण्याच्या पुडीचा कागद सरळ करून त्याच्या पाठीवर ते शिसपेन्सिलीने रचना लिहीत, मंडळातल्या माणसांकडून ती तीनदा म्हणवून घेत, आणि तिसऱ्यांदा सगळ्यांना बिनचूक आली की कागद फाडून टाकत. मी शाळेत असताना एकदा तो कागद मागितला होता. माझे अक्षर चांगले आहे, मी वहीत उतरवून ठेवते, असे म्हणाले होते. त्यांनी मान हलवली. "कागदावर ऱ्हवला की गळ्यात ऱ्हवणा नाय, बाय." मंडळातली माणसे अडाणी होती म्हणून ही पद्धत होती असे नाही. दोघे मॅट्रिक होते. बुवांना फक्त कागदाचा भरवसा नव्हता. रचना कोणाची, हे सांगायला कागदाची गरज आहे असे त्यांच्या मनातही आले नसेल, कारण ती व्यवस्था गाण्यातच होती. आमच्याकडच्या भजनात रचणारा आपले नाव शेवटच्या कडव्यात गुंफतो. ऐकणाऱ्याला ते कडवे येईपर्यंत थांबावे लागते आणि थांबल्यावर कळते की एवढा वेळ कोण बोलत होते. बुवा तिथे 'भिका म्हणे' असे गात. ते शब्द आले की पेटीवरचा हात क्षणभर उचलला जाई, मग बाकीचे कडवे ते डोळे मिटून संपवत.

गिरण्यांच्या संपाच्या दिवसांत आमची चाळ निम्मी रिकामी झाली. कोणी गावी गेले, कोणी गेले ते परतलेच नाहीत. चौदा जणांच्या मंडळात चौघे उरले, तरी गुरुवारचे भजन व्हरांड्यात चालू राहिले. त्याच दिवसांत बुवांनी एक गजर रचला. गजर म्हणजे भजनाच्या ओघात येणारी छोटी, जलद चालीची रचना. ती सगळ्यांनी मिळून टाळ्यांवर म्हणायची. या गजरातला मालक म्हणजे देव, आणि त्याच्याकडे मागणे एकच होते.

*वाजव भोंगा मालका रे, वाजव भोंगा,*
*पाय निघाले पहाटेला, वाजव भोंगा.*

पहाटे गिरण्यांचे भोंगे वाजत आणि त्यावर आमच्या परळ-लालबागचा सगळा दिवस लागे. ते मुके झाल्याला तेव्हा महिने लोटले होते. चाल इतकी सोपी आणि ठसकेबाज होती की दुसऱ्या आवर्तनाला खालच्या मजल्यावरचे लोक जिन्यात येऊन उभे राहत. मधल्या कडव्यांत डबा होता, घड्याळ होते, फाटकावरचा पठाण होता. लोक हसत. आणि मग शेवटचे कडवे येई.

*भिका म्हणे, राहू दे रे, नको आता भोंगा,*
*उठायचे ते उठून गेले, कुणासाठी सांगा.*

ते पहिल्यांदा ऐकले तेव्हा माझे वडील भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी टाळ मांडीवर ठेवला आणि तो पुन्हा उचलला नाही. सबंध गजर ज्या मागणीवर नाचत येतो, ती मागणी हे कडवे मागे घेते. ते काढले तर उरतो तो एक मजेदार ठेका. हे मला आज इतक्या नीट शब्दांत सांगता येते, तेव्हा मी नुसती वडिलांच्या मांडीवरच्या टाळाकडे पाहत होते.

संप संपला असे कोणी कधी जाहीर केल्याचे आठवत नाही. बुवांची गिरणी उघडली नाही. ते एका शाळेत शिपाई म्हणून लागले आणि घंटा वाजवण्याचे काम त्यांच्याकडे आले. याच सुमारास आमच्याच चाळीतल्या पक्याने लालबागमध्ये कॅसेट भरून देण्याचे दुकान काढले. त्याने पुढे छापण्यासाठी इंग्रजी वळणाचे एक नाव घेतले. ते मी इथे देत नाही, चाळ त्याला पक्याच म्हणे. त्याचाही बाप गिरणीतून बाहेर पडलेला. मुलगा धंद्याला लागला याचा सगळ्यांना आनंद होता. चाळीच्या सत्यनारायणाला त्याने आपले यंत्र आणले आणि भजन टेप करू का म्हणून बुवांना विचारले. बुवांनी यंत्राकडे थोडे संशयानेच पाहिले. "कर. पण पुरा घे." "पुरं घेतो," पक्या म्हणाला, आणि त्याने गजरासकट पुरे घेतले. तो तेव्हा तरी खरे बोलत होता.

मधली वर्षे मी सोडून देते. माझे लग्न होऊन मी गिरगावात राहायला गेले होते. वरळीच्या बीडीडी चाळीत माझ्या मावसभावाची हळद होती आणि बुवांनाही आमंत्रण होते. दुपारची वेळ, मैदानात मांडव, कोपऱ्यात माणसाच्या उंचीचे स्पीकर. त्यांतून ज्याला तेव्हा नॉनस्टॉप म्हणू लागले होते तसली कॅसेट चालली होती. एका गाण्याचे तोंड, दुसऱ्याचे पोट आणि तिसऱ्याची शेपटी एका ढोलावर शिवलेली. सिनेमाची गाणी होती, कोळीगीते होती, आरतीचाही एक तुकडा होता. बुवा खुर्चीवर, अर्थातच, चाळीच्या भिंतीकडे तोंड करून बसले होते. तेवढ्यात स्पीकरमधून त्यांचाच आवाज आला. वाजव भोंगा मालका रे.

आवाज त्यांचा होता, पण वेग वाढवलेला, त्यामुळे एखाद्या चिडलेल्या पोरासारखा चिरका. प्रत्येक 'भोंगा' शब्दानंतर ट्रकच्या हॉर्नचा एक आवाज जोडला होता. मांडवातली माणसे त्या हॉर्नवर कमरेतून वाकत, शिट्ट्या फुंकत, आणि यंत्रावर बसलेल्याला बोट दाखवून ओरडत, "वाजव रे मालका!" नवरदेवाच्या मामाच्या अंगावर हळदीचे पाणी ओतले गेले. हे सगळे लिहिताना मला आजही हात धुवावेसे वाटतात.

बुवा खुर्चीतून उठले. त्यांची नाकपुडी वर गेली नव्हती, उलट चेहऱ्यावर एक प्रकारची उत्सुकता होती. डावा हात किंचित उचलून ते शेवटच्या कडव्याची वाट पाहत उभे राहिले. कडवे यायच्या जागी कोणत्या तरी सिनेमातल्या बाईचा आवाज आला आणि ढोल पुढे निघून गेला. बुवा गर्दीतून वाट काढत यंत्रापाशी गेले आणि सौजन्याने म्हणाले, "टेप तुटली रे तुझी. परत लाव."

यंत्रावरच्या माणसाने परत लावले. बुवा पुन्हा हात उचलून उभे. पुन्हा ती बाई. "हयच तुटता," बुवा म्हणाले. तिसऱ्यांदा लावले तेव्हा सगळ्या मांडवाला वाटले की म्हाताऱ्याला गाणे भलतेच आवडले आहे. कोणीतरी त्यांना ओढून मध्ये नेले. कोणीतरी त्यांच्या टोपीला हळद फासली. "आजोबा फॉर्मात!" मी मांडवाच्या खांबाशी उभी होते. यंत्र बिघडलेले नाही, हे मला ठाऊक होते. मी पुढे जाऊन त्यांना बाहेर काढले नाही. ते स्वतःच, चौथ्यांदा न सांगता, बाहेर आले आणि नळावर बराच वेळ तोंड धूत राहिले.

दुसऱ्या दिवशी ते गिरगावला माझ्या घरी आले. कॅसेटच्या डबीतला छापील कागद त्यांनी टेबलावर ठेवला. त्यावर गाण्यांची यादी होती. त्यांच्या गजरासमोर लिहिले होते, 'गीत-संगीत : पारंपरिक'. मिश्रण करणाऱ्याचे, म्हणजे पक्याचे, नवे नाव सोनेरी अक्षरांत होते.

"पारंपरिक म्हणजे काय गो?"

"म्हणजे कोणी रचले ते माहीत नाही, पिढ्यान् पिढ्या चालत आलेले."

"म्हणजे ज्याका बापूस नाय ता." त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. "माका कोणी इचारल्यान? मी हय जितो बसलंय ना?"

मी त्यांना कायदा समजावून सांगितला. आयुष्यात फार थोड्यांना मी काही समजावले असेल. गाणे रचले त्या क्षणी शब्द आणि चाल रचणाऱ्याची होतात. कुठे नोंदवावे लागत नाही. ज्याने ते ध्वनिमुद्रित केले त्याचा हक्क वेगळा, फक्त त्या ध्वनिमुद्रणापुरता. तुकडे जोडून मिश्रण विकायचे असेल तर दोघांनाही विचारावे लागते, आणि एकाचा होकार दुसऱ्याच्या बदली चालत नाही.

"मगे झाला," बुवा म्हणाले. "माझा आसा."

"पण ते तुमचे आहे हे दाखवावे लागेल, बुवाकाका. वही? एखादा कागद?"

"शेवटच्या कडव्यात आसा नाव."

"त्यांच्या कॅसेटवर ते कडवे नाही."

आम्ही दोघे त्या छापील कागदाकडे पाहत राहिलो. मंडळातले बुवांखेरीज जे तिघे संपाच्या दिवसांत उरले होते, त्यांतले दोघे वारले होते आणि तिसऱ्याला गावी अर्धांग झाले होते. माझे वडीलही आता हयात नव्हते, आणि जिन्यात येऊन ऐकणारे कधीच पांगले होते. सबंध गजर उरला होता तो सत्यनारायणाच्या दिवशीच्या पक्याच्या मूळ टेपवर.

"माका पैशे नको," ते उठताना म्हणाले. "त्येंका सांग, थय भिकाजी लिवा. पारंपरिक खोडा. बाकी नाचूदेत."

बुवांना हवे होते ते एवढेच, आणि शेवटपर्यंत तेवढेच राहिले.

आम्ही लालबागला पक्याच्या दुकानात गेलो. दुकानाला आता काचेचे दार होते, आत गार हवेचे यंत्र, भिंतीवर कुठल्या कुठल्या देशांतल्या वादकांची चित्रे, आणि अगरबत्ती व सिगरेट यांचा एक मिश्र वास. पक्या धावत पुढे आला आणि बुवांच्या पाया पडला. तो ढोंग करत होता असे मला म्हणता येत नाही, आणि तेच मला सर्वांत असह्य वाटते.

"बुवा, तुमचा गजर म्हणजे आग आहे आग. सगळ्या कॅसेटमध्ये पब्लिक कुठे येडी होते, तर तिथे."

"शेवटचा कडवा खय?"

"बुवा, ते जरा सॅड होतं. हळदीत कुठे सॅड वाजवणार?"

मी माझ्या बारीक आवाजात विचारले की परवानगी कोणाची घेतली होती. पक्या हसला. "ताई, तुम्ही शिकलेल्या, तुम्हाला माहीत पाहिजे. तीस सेकंदांपर्यंत कायद्यात चालतं. सगळे डीजे तेच करतात."

"कायद्यात असे सेकंद कुठेही नाहीत."

"बरं, नसतील. पण मी कुठे विकतो? मी कंपनीला दिलं, कंपनी विकते. आणि टेप कोणाची? माझी. मशीन माझं. मी त्या दिवशी स्वतःच्या खांद्यावरून आणलं होतं, विचारा बुवांना."

यात अर्धे सत्य होते. ध्वनिमुद्रण त्याचे होते; शब्द आणि चाल नव्हे. पण बुवांनी मान डोलावली. तो यंत्र खांद्यावरून घेऊन आला होता हे खरे होते, आणि खरे ते नाकारायची त्यांना सवय नव्हती.

"आणि बाकीची गाणी?" मी विचारले. "सिनेमाची?"

"ज्यांची भीती, त्यांना कंपनी विचारते. त्यांचे वकील असतात ना. बाकी मग..." त्याने खांदे उडवले.

"बाकी पारंपरिक."

"ताई, तसं नका बोलू. बुवांची पब्लिसिटीच झाली ना. आधी परळच्या बाहेर कोण ओळखत होतं?"

"आता कोण वळाखता?" बुवांनी शांतपणे विचारले. मी मूळ टेप मागितली. तो कपाटात बराच वेळ शोधत राहिला. पाठमोरा असतानाच म्हणाला, "ती बहुतेक... ताई, त्या दिवसांत कोऱ्या कॅसेट महाग होत्या. मला पाहिजे तेवढा तुकडा काढून घेतला आणि तिच्यावर दुसरं भरलं."

"काय भरलंस?" बुवा म्हणाले.

"आठवत नाही, बुवा. गरब्याचं काहीतरी."

बाहेर आल्यावर बुवा दुकानाच्या पायरीवर थांबले, चपला झटकल्या, आणि पुन्हा घातल्या. नेहमीचे वाक्य ते बोलले नाहीत. मला वाटते, शिसारी यावी त्याच्याही पलीकडची ही गोष्ट होती.

कंपनीला मी बुवांच्या नावाने पत्र लिहिले. त्यात पैशाचा उल्लेख नव्हता, म्हणूनच कदाचित त्यांनी लगेच भेटीला बोलावले. त्याआधी मी आमच्या कचेरीतल्या मोठ्या साहेबांना सांगितले की मी हा गजर रचला गेला तेव्हा ऐकला आहे आणि तसे प्रतिज्ञापत्र करू इच्छिते. साहेब चष्मा पुसत म्हणाले की ती कंपनी आपल्या कचेरीची अशील आहे, जागेच्या एका प्रकरणात. "शेजारीण म्हणून बरोबर जा हवे तर. तोंड उघडायचे नाही. आणि बाई, भजनाच्या भांडणात नोकरी घालवायची का, ते तुम्ही ठरवा." त्यांनी ते अतिशय सभ्यपणे सांगितले. मी "बरं" म्हणाले. पुढे मला निवृत्तीपर्यंत त्याच टेबलावर बसायचे होते आणि मी बसले.

कंपनीची कचेरी गिरगावातल्याच एका गल्लीत, पहिल्या मजल्यावर होती. कंपनीचा एक गृहस्थ आणि त्यांचा वकील असे दोघे बसले होते. वकील मराठीच होता, पुण्याकडचा असावा. त्याची वाक्ये माझ्या या लेखातल्या वाक्यांसारखीच नीटनेटकी होती. त्याने बुवांना गजर म्हणून दाखवायला सांगितले. बुवांनी पेटीशिवाय, मांडीवर थाप देत, पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटला. 'भिका म्हणे'पाशी त्यांचा हात उचलला गेला.

"सुंदर," वकील म्हणाला. "परंतु आपल्याला कल्पना असेल की जुन्या रचनेला शेवटी स्वतःचे नाव जोडण्याचा प्रघात आपल्याकडे फार जुना आहे. संतांच्या नावावर किती जणांनी अभंग खपवले, आणि संतांच्या अभंगांना किती जणांनी आपली नावे लावली. नाव काय, कोणीही घालतो."

"नाव कोणव घालीत," बुवा म्हणाले. "त्या नावाक शोभात असा कडवा घालून दाखव."

कंपनीचा गृहस्थ हसला. वकील हसला नाही. त्याने समोर एक टंकलिखित कागद सरकवला. सदर गीत पारंपरिक असून त्याच्या रचनेवर माझा कोणताही दावा नाही. गायक म्हणून माझे नाव पुढील आवृत्तीत छापण्यात यावे व मानधन देण्यात यावे, असा त्याचा आशय होता. मग वकिलाने विचारले, आणि नियमाप्रमाणे त्याने विचारायलाच हवे होते, "हे गाणे तुम्ही रचत असताना ऐकलेले कोणी हयात आहे का?"

खोलीत पंखा फिरत होता. मी बुवांच्या डाव्या हाताला, दोन फुटांवर बसले होते. मी तोंड उघडले असते तर मला दोनच वाक्ये बोलावी लागली असती. मी टेबलावरच्या काचेखाली ठेवलेल्या कॅलेंडरकडे पाहत राहिले.

बुवांनी माझ्याकडे पाहिले नाही. मुद्दाम पाहिले नाही. त्यांनी मान भिंतीकडे वळवली, म्हणजे माझ्या विरुद्ध बाजूला, आणि म्हणाले, "कोण नाय."

मग त्यांनी तो कागद उचलला आणि डोळ्यांजवळ धरून सावकाश वाचला. वाचून झाल्यावर पेन मागितले.

"बुवाकाका, सही करू नका," मी म्हणाले. माझा आवाज बहुधा त्यांच्यापलीकडे गेला नाही.

"कित्याक नको?" ते माझ्याशी नाही, सगळ्यांशीच बोलले. "ह्येंनी लिवलाहा ता खरा आसा. जां वाजता तां माझा नाय. माझा गाणा शेवटाक पोचता. ह्या पोचणा नाय. मी आधी पारंपरिक खोडूक सांगी होतंय, ती चूक माझी. ह्याच्यार माझा नाव घालू नकात. गायक म्हणून पण नको."

"आणि मानधन?" गृहस्थाने विचारले.

"शिसारी येता माका," बुवा म्हणाले.

त्यांनी मानधनाची आणि गायकाच्या नावाची ओळ आडवी रेघ मारून खोडली आणि खाली सही केली. पेन गळके होते. शाई त्यांच्या तर्जनीला लागली. 'भिकाजी' हे नाव आणि तो गजर एकत्र असलेला जगातला एकमेव कागद तो आहे, आणि त्यावर हे गाणे माझे नाही असे लिहिले आहे. वकिलाने तो कागद दोन बोटांनी उचलून फाईलमध्ये ठेवला आणि आमच्यासाठी चहा मागवला. त्याच्यावर साय होती.

पुढे कॅसेटी गेल्या, सीडीच्या तबकड्या आल्या, त्याही गेल्या. ते मिश्रण आता इंटरनेटवर आहे, त्याची आणखी मिश्रणे झाली आहेत आणि त्यांवर नवनव्या मुलांची सोनेरी नावे आहेत. मध्ये एकदा मी एका मिश्रणाखाली वाचले की ही आपल्या कोकणाची प्राचीन लोककला आहे आणि ती जपली पाहिजे. जपणाऱ्याने दोन हॉर्न जास्त घातले होते. बुवा शाळेतून निवृत्त होऊन गावी गेले आणि तिथेच वारले. मला कळले ते महिन्याने. सही करू नका असे मी त्यांना सांगितले होते, असे मी लोकांना अनेक वर्षे सांगत आले. ते खरे आहे. विचारणाऱ्याला मात्र ते मी नेहमी आधी सांगते आणि कॅलेंडरचे सांगत नाही.

त्या दिवशी कंपनीच्या कचेरीतून उतरून आम्ही बस थांब्यापर्यंत चालत गेलो. माझे घर उलट दिशेला होते. थांब्यावर आणखी चार-पाच माणसे होती, फुलवाली होती, एक शाळा सुटलेली होती. मी काहीतरी क्षमायाचनेसारखे बोलायला सुरुवात केली, तशी बुवांनी हात करून मला थांबवले.

"शेवटचा कडवा म्हण."

"इथे?"

"हय."

मी इकडेतिकडे पाहिले आणि पुटपुटले.

"मोठ्यान."

मी पुन्हा म्हटले. 'राहू दे रे'च्या जागी 'असू दे रे' म्हणाले. त्यांनी शब्द दुरुस्त केला. परळची बस आली. माणसे चढली. बुवा जागचे हलले नाहीत. "तुमची बस, काका," मी म्हणाले.

"दुसरी येतली. म्हण."

फुलवाली माझ्याकडे पाहत होती. शाळेतली दोन मुले थांबली होती. माझे कान तापले होते आणि घशातून निघालेला आवाज माझा मलाच अनोळखी वाटला, पण चालीसकट, त्यांच्या नावासकट, मी ते कडवे अखेरपर्यंत म्हटले. बुवांनी ते डोळे मिटून ऐकले.

दुसरी बस आली तेव्हा ते चढले आणि खिडकीशी बसले. मी हात हलवला. त्यांचे लक्ष नव्हते. गाडी सुटली तेव्हा ते मान खाली घालून, रुमालाचे टोक जिभेवर ओले करून, बोटाला लागलेली शाई पुसत होते.